सिगारेट सुटली, व्हेप आला आणि खोकला बसला: मेडिकलच्या काउंटरवरचे प्रश्न

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं मेडिकल आहे. बावीस वर्षं काउंटरला उभा आहे, त्यामुळे खोकल्याच्या आवाजावरून माणूस बिडीवाला की सिगारेटवाला हे ओळखायची वाईट खोड लागलीय. गेल्या काही वर्षांत त्यात तिसरा प्रकार आला. पंचविशी-तिशीतली पोरं येतात, अंगाला आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा वास, आणि म्हणतात, "सिगारेट सोडली हो, पण खोकला जाईना." बोलता बोलता खिशातून रंगीत पेनासारखी वस्तू डोकावते. तोच व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. त्यांचेच प्रश्न इथं लिहिलेत. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नव्हे. तपासणीची जागा माझ्या काउंटरने भरून निघत नाही.

सिगारेट ओढत होतो तेव्हा एवढा खोकला नव्हता. व्हेपवर आल्यावरच का सुरू झाला?

कारण दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडतात आणि आपण दोन्हींचं बिल एकाच्याच नावावर फाडतो.

पहिली गोष्ट सिगारेट सुटल्याची. श्वासनळीला आतून अतिबारीक केसांचं अस्तर असतं. कारखान्यात गव्हाणीत मोळी टाकली की खालचा पट्टा ऊस कसा ओढून वर नेतो, तसे हे केस धूळ आणि कफ खालून वर घशाकडे सरकवत असतात. सिगारेटच्या धुराने हा पट्टा मंदावतो, जागोजागी तुटतो. माल साठत राहतो आणि तुम्हाला वाटतं छाती स्वच्छ आहे. धूर थांबला की काही दिवसांत पट्टा हलायला लागतो, आणि वर्षानुवर्षांचा साठा वर यायला सुरुवात होते. तो बाहेर टाकायला शरीराकडे खोकल्याशिवाय दुसरा रस्ता नाही.

दुसरी गोष्ट व्हेपची. लोक म्हणतात "नुसती वाफ आहे". पाण्याची वाफ नाही ती. तापलेल्या तारेवरून उठलेले द्रवाचे बारीक थेंब आहेत. त्या द्रवात मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं, आणि दोन्ही पाणी ओढून घेतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली की मीठ कसं ओल खेचतं, तसं. घसा कोरडा पडतो, खरखरतो. शिवाय निकोटिन स्वतःच खोकल्याच्या नसांना डिवचतं. आणि निकोटिनचा व्हेप त्या केसांनाही पुरतं मोकळं सोडत नाही. म्हणजे पट्टा सुरू करायचा आणि त्यावर पायही ठेवायचा, असा प्रकार.

मग माझा खोकला सोडल्याचा की व्हेपचा, हे ओळखायचं कसं?

शंभर टक्के सांगता येत नाही, पण खुणा आहेत. सोडल्याचा खोकला बहुतेक ओला असतो. सकाळी जास्त, करड्या-तपकिरी रंगाचा कफ पडतो, पडल्यावर छाती हलकी वाटते, आणि आठवड्यागणिक कमी होत जातो. काहींना पूर्ण थांबायला दोन-तीन महिनेही लागतात, पण उतार दिसला पाहिजे.

व्हेपचा खोकला जास्त करून कोरडा. कश मारला की लगेच किंवा थोड्या वेळात ढास लागते, तोंड सुकतं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, आणि दिवसभर खोकारत राहावंसं वाटतं. हा उतरत नाही. एकाच पातळीवर रेंगाळतो, आणि नवीन पॉड, म्हणजे व्हेपची द्रव भरलेली डबी, लावला की चढतो.

माझी एक साधी सूचना असते: एक जुनं कॅलेंडर घ्या. सिगारेट ज्या दिवशी बंद केली त्यावर खूण करा, व्हेप धरला त्यावर दुसरी, खोकला लागला त्यावर तिसरी. मग रोज रात्री एकच शब्द लिहा, कमी, तेवढाच किंवा जास्त. दहा जणांपैकी नऊ जण काउंटरवर येऊन म्हणतात "झाले असतील पंधरा दिवस", आणि बायको शेजारून म्हणते, "दिवाळीपासून चालू आहे." डॉक्टरच्या दृष्टीने या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. का, ते पुढच्या प्रश्नात.

किती दिवस वाट बघायची?

या पानावरचं सगळं विसरलात तरी चालेल, हे एक लक्षात ठेवा: आपल्या देशात दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला म्हणजे आधी थुंकीची तपासणी. कारण टीबी.

"मला कसला टीबी, मी जिमला जातो," असं मला एकाने ऐकवलं होतं. टीबी जिमची पावती बघत नाही. उलट धूम्रपान करणाऱ्याला टीबी होण्याचा धोका न करणाऱ्यापेक्षा जास्त असतो, आणि व्हेपची सबब हाताशी असल्यामुळे हीच माणसं सगळ्यात उशिरा तपासतात. "ते व्हेपमुळं होतंय" म्हणत तीन महिने काढतात.

भाऊसिंगजी रोडवरच्या आपल्या सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, ही तपासणी मोफत होते. गावाकडं असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. नमुना द्यायचा तो लाळेचा नव्हे, खोल खोकून छातीतून काढलेल्या बेडक्याचा, शक्यतो सकाळचा. निदान झालंच तर औषधंही मोफत आहेत, आणि पोषणासाठी दरमहा १,००० रुपये खात्यावर जमा होतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते.

टीबी नाही असं निघालं आणि खोकला तरीही राहिला, तर वैद्यकीय हिशेब असा: तीन आठवड्यांपर्यंतचा खोकला ताजा, तीन ते आठ आठवडे मधला, आठ आठवड्यांपुढं जुनाट. जुनाटाला छातीचा एक्स-रे आणि फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, लागते. व्हेप चालू आहे म्हणून या तपासण्या पुढं ढकलू नका.

कोणत्या खोकल्याला लगेच दवाखाना?

थुंकीतून रक्त, एकदा जरी पडलं तरी. बसल्या जागी दम लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं. ताप आणि रात्री अंथरूण भिजेल असा घाम. वजन आपोआप उतरणं. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहणं. यातल्या दम, छातीतलं दुखणं आणि निळे ओठ यांना सकाळची वाट बघू नका.

ते राहू द्या, एक चांगली खोकल्याची बाटली द्या की.

देतो, आणि म्हणूनच सांगतो.

खोकल्याच्या बाटल्या ढोबळमानाने दोन जातींच्या. एक खोकला दाबणारी, दुसरी कफ पातळ करून बाहेर काढणारी. सिगारेट सोडल्यावर ओला खोकला सुरू झालेल्या माणसाने दाबणारी बाटली घेतली तर पट्ट्यावरून वर येणारा माल मधेच अडकवला, बाकी काही नाही. कोरड्या ढासेने रात्रभर झोप नाही, अशा वेळी दोन-चार रात्री दाबणारं औषध ठीक. पण दिवसा कश आणि रात्री सिरप हा क्रम महिनाभर चालणार असेल, तर तो खोकल्याचा इलाज नाही, व्हेपची सोय आहे.

आणखी एक. आपल्याकडच्या बऱ्याच सिरपमध्ये श्वासनळी मोकळी करणारं औषधही मिसळलेलं असतं. त्याने हात थरथरतात, छातीत धडधडतं. निकोटिननेही धडधडतं. दोन्ही एकत्र आल्यावर घाबरून दवाखान्यात पळालेली पोरं मी पाहिलीत. त्यामुळे शेजाऱ्याला लागू पडलेली बाटली स्वतःच्या घशात ओतू नका. आणि कोडीनची बाटली चिठ्ठीशिवाय मागू नका, मिळणार नाही.

फ्लेवर बदलला किंवा निकोटिन कमी केलं तर खोकला थांबेल?

काहींचा कमी होतो, हे खरं आहे. दालचिनीसारखे काही फ्लेवर श्वासनळीला जास्त झोंबतात. मेंथॉलचं उलटं आहे. तो खोकल्याची जाणीवच बधिर करतो, म्हणून त्याने "बरं वाटतं". बरं होत नाही, कळायचं बंद होतं. कॉइल, म्हणजे आतली तापणारी तार, जुनी झाली किंवा द्रव संपत आला असताना ओढलं की करपट चव येते. तेव्हा फॉर्माल्डिहाइड, अॅक्रोलिनसारखी घातक रसायनं जास्त तयार होतात. तो कश ओढून संपवायचा नसतो, "पैसे दिलेत" म्हणून तर नाहीच.

निकोटिनचा हिशेब मात्र एकदा कागदावर मांडा. पाच टक्के लिहिलेलं असतं ना? म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ५० मिलिग्रॅम. दोन मिलीलीटरच्या पॉडमध्ये १००. एका सिगारेटमधून शरीरात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम जातं. युरोपात कायद्याने मर्यादा मिलीलीटरला २० मिलिग्रॅमची आहे. आपल्याकडं चोरट्या मार्गाने येणाऱ्या मालाला अशी कोणतीच मर्यादा नाही, कारण तो कागदोपत्री अस्तित्वातच नाही. सिगारेट निदान संपते, विझते. व्हेपला शेवट नसतो, त्यामुळे माणूस गाडी चालवताना, संडासात, अंथरुणात ओढत राहतो. "दिवसाला आठ सिगारेट होत्या, आता व्हेप थोडाच" म्हणणाऱ्या एका पोराबरोबर बसून हिशेब केला. त्याचा पॉड अडीच दिवसांत संपत होता. त्यातलं सगळं निकोटिन शरीरात जात नाही हे धरूनसुद्धा तो "थोडा" नव्हता.

पण परदेशात डॉक्टरच व्हेप घ्या म्हणतात ना?

ब्रिटनमध्ये सिगारेट सोडण्याचं साधन म्हणून व्हेपचा वापर होतो, हे खरं आहे. निकोटिनच्या व्हेपने निकोटिनच्या गमपेक्षा जास्त लोकांची सिगारेट सुटते, असा पुरावाही आहे. तंबाखू जळत नाही, त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाही. हे मी लपवणार नाही. पण तिथं द्रवाच्या बाटलीत काय आहे यावर सरकारची नजर आहे, आणि तिथलेही डॉक्टर पुढं जाऊन व्हेपही सोडा म्हणतात.

आपल्याकडं सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं, साठा करणं, सगळं बंद. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे कोल्हापुरात तुमच्या हातात जे काही आहे ते कुठल्या तरी मोबाइल कव्हरच्या दुकानातून नाहीतर ओळखीच्या ओळखीतून आलंय. खोक्यावर काय लिहिलंय त्याला किराणा दुकानातल्या सुट्या मसाल्याएवढीही जबाबदारी नाही. म्हणून "व्हेप सुरक्षित की नाही" या वादात मी पडत नाही. मी विचारतो, तुमच्या खिशातल्या या विशिष्ट व्हेपमध्ये काय आहे? उत्तर कोणाकडंच नसतं.

अमेरिकेत व्हेपने माणसं मेली म्हणे. आणि ते "पॉपकॉर्न लंग"?

२०१९ मध्ये तिथं फुप्फुसं अचानक निकामी होण्याची लाट आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. मुख्य संशयित ठरला तो गांजाच्या अर्काच्या चोरट्या व्हेप-कार्ट्रिजमध्ये भेसळ म्हणून घातलेला व्हिटॅमिन ई अॅसिटेट. पोटात घेतलं तर निरुपद्रवी, फुप्फुसात विष. सांगायचा मुद्दा तोच, बेकायदा मालात काय घातलंय हे माणूस आजारी पडल्यावर कळतं. हेच कारण धरून सांगतो, निलगिरी तेल किंवा कुठलंही तेल व्हेपमध्ये घालून ओढू नका. तेल फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होऊ शकतो. हा सल्ला द्यावा लागतो, कारण विचारलं गेलंय.

पॉपकॉर्न लंग हा लोण्याची चव देणाऱ्या डायअॅसिटिलमुळे अमेरिकेतल्या पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांना झालेला आजार. तुमच्या खोकल्याचं कारण तो असण्याची शक्यता फारच कमी. त्याच्यापेक्षा टीबीची चिंता करा.

मग परत सिगारेटच धरू का? तेव्हा खोकला तरी नव्हता.

नको. खोकला नव्हता कारण खोकला काढणारं यंत्रच बंद पाडलं होतं. घंटी तोडली म्हणून चोर गेला असं होत नाही.

आणि "दोन्ही थोडं थोडं" हाही मार्ग नव्हे. दिवसभर ऑफिसात व्हेप आणि संध्याकाळी रंकाळ्यावर सिगारेट, अशा माणसाला दोन्हींचा खोकला मिळतो. मावा-मिश्रीकडं वळणारेही आहेत. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे, तरी पानपट्टीवर मावा घोटायचं थांबलेलं नाही. खोकला जाईल, तोंड जाईल.

माझा खोकला व्हेपचा नसेलच तर?

छान प्रश्न, आणि फार कमी जण विचारतात. कोल्हापूरच्या माणसाच्या छातीला व्हेपशिवायही पुष्कळ कामं आहेत.

तुम्ही काय काम करता? शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वाळूच्या साच्यांवर असाल तर सिलिकाची धूळ आहे, आणि ती व्हेपपेक्षा मोठी शत्रू आहे. इचलकरंजीत मागावर असाल तर कापसाची धूळ. गुऱ्हाळात चुलवाणासमोर असाल तर चिपाडाचा धूर. सुट्टीच्या दिवशी किंवा गावाला गेल्यावर खोकला कमी होत असेल तर हे डॉक्टरला आवर्जून सांगा.

बीपीची गोळी चालू आहे? रामिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काहींना हट्टी कोरडा खोकला लागतो. चाळिशीतल्या एका गिऱ्हाइकाने व्हेपला शिव्या घालत चार बाटल्या नेल्या. पाचव्या वेळी मी गोळ्यांची पट्टी मागितली. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि काही आठवड्यांत खोकला गेला. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, फक्त विचारायचं.

जेवण रात्री अकराला, तांबडा रस्सा वाटीवर वाटी आणि लगेच आडवं? आम्ल वर येऊन घशाला लागतं आणि खोकला येतो. छातीत जळजळ नसली तरी होऊ शकतं. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवून आठवडाभर बघा. रश्श्यावर माझा राग नाही.

नाकातून घशात शेंबूड उतरणं आणि दमा हीसुद्धा नेहमीची कारणं. रात्री-पहाटे खोकला, शिट्टीसारखा आवाज, ऊस पेटवलेल्या शेताजवळून गेलं की त्रास, असं असेल तर दम्याची तपासणी करा. दहा-पंधरा वर्षं सिगारेट झालेल्याला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असू शकतो. तो फुंकायच्या तपासणीत पकडला जातो.

घरगुती काय करू?

कोमट पाणी दिवसभर घोट-घोट. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. झोपताना चमचाभर मध, एक वर्षाखालच्या बाळाला मात्र कधीही नाही. वाफ घ्यायची तर टोपातल्या उकळत्या पाण्यावर वाकून नको, भाजल्याची मलमं मीच विकतो. हळद-दूध आवडत असेल तर घ्या. दुधाने कफ वाढतो असा पक्का पुरावा नाही, त्यामुळे गंगावेशीतलं दूध बंद करायची गरज नाही, फक्त उकळून प्या.

व्हेप बंद करायचा तर निकोटिनची तलफ कशी भागवू?

गम. दोन मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो. पण तो च्युइंगगमसारखा चघळला की घसा जळतो, उचक्या लागतात आणि माणूस म्हणतो, "बेकार आहे." पद्धत अशी: हळू चावा, मिरीसारखी झिणझिण आली की थांबा, गालात दाबून ठेवा. झिणझिण गेली की पुन्हा थोडं चावा. अर्धा तास चालतो. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी किंवा आंबट काही नको, निकोटिन शोषलं जात नाही. कोल्हापूरकराला चहापासून पंधरा मिनिटं दूर ठेवणं हाच यातला खरा अवघड भाग.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिला कश लागत असेल तर तुमचं व्यसन घट्ट आहे. दोनचा गम पुरणार नाही. डॉक्टरला दाखवा. पॅच आहेत, व्हॅरेनिक्लीन आणि ब्युप्रोपिऑनसारख्या गोळ्या आहेत, त्या चिठ्ठीवरच मिळतात. फोनवर मदत हवी असेल तर सरकारची १८००-११-२३५६ ही टोल-फ्री लाइन आहे. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, दोन-चार आठवड्यांत बरंच निवळतं.

डॉक्टरला व्हेपचं सांगू का? बंदी आहे ना.

सांगा. डॉक्टर पोलिस नव्हे. न सांगितल्यास ते चुकीच्या दिशेने तपासण्या लावतील आणि बिल तुम्हीच भराल. जमलं तर पॉडच्या खोक्याचा फोटो दाखवा, निकोटिनचा आकडा तरी कळेल.

घरात लहान मूल आहे. काळजी?

व्हेप आणि बाटली कपाटात, कुलपात. हे द्रव गोड वासाचं असतं आणि मुलाने थोडं जरी गिळलं तरी जिवावर बेतू शकतं. तसं झालं तर उलटी करवत बसू नका, थेट दवाखाना.

पंधरा दिवस व्हेप बंद ठेवला, खोकला गेला. मॅचच्या दिवशी एखादा कश चालेल का?

हा प्रश्न शाहू स्टेडियमच्या फुटबॉल हंगामात हमखास येतो. खोकला गेला म्हणजे कारण कळलं, अभिनंदन. तलफ पाच-सात मिनिटांची असते, मॅच नव्वद मिनिटांची. खिशात गमची पट्टी ठेवा. आणि राहिलेला व्हेप मित्राकडं सांभाळायला देऊ नका. मॅचला तोच शेजारी बसलेला असतो. बॅटरी असल्यामुळे घंटागाडीतही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.